संगणकाचा साज आणि संगणकाची चाल

गावातल्या सार्वजनिक वाचनालयात सकाळची वेळ असावी. ग्रंथपाल संगणक सुरू करतो, पुस्तकांची यादी उघडावयास सांगतो आणि वाट पाहत बसतो. पडद्यावर चौकट हळूहळू उमलते, तिच्याभोवती मंद छाया पसरते. पण यादी काही येत नाही. समोरच्या वाचकाचा धीर सुटतो आणि कोणीतरी म्हणते, 'यंत्र जुने झाले, आता नवे घ्या.' सल्ला देणे सोपे असते. परंतु ज्या संस्थेची वर्गणी वीजबिल भागवतानाच संपते, तिला तो परवडत नाही. म्हणूनच यंत्राला निकालात काढण्यापूर्वी त्याची शक्ती कोठे खर्च होते, हे पाहणे इष्ट ठरते.

संगणकाच्या पडद्यावर जे दिसते, ते रंगवावे लागते. 1984 साली आलेल्या मॅकिंटॉश संगणकाचा पडदा 512 गुणिले 342 ठिपक्यांचा आणि कृष्णधवल होता. त्यावरील सारे चित्र साठवण्यास 22 हजारांहून कमी बाइट पुरत. आज सर्रास आढळणाऱ्या 1920 गुणिले 1080 ठिपक्यांच्या पडद्यावर वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी सामान्यतः चार बाइट लागतात. म्हणजे एका चित्राचा भार सुमारे 83 लाख बाइट झाला. त्यात खिडकी काचेसारखी पारदर्शक करावयाची, तर तिच्यामागचे चित्रही तयार करावे लागते, ते अंधूक करावे लागते आणि मग दोन्ही एकमेकांत मिसळावी लागतात. ज्या यंत्रात चित्रांसाठी स्वतंत्र प्रक्रियक व स्वतंत्र स्मृती असते, तेथे हे सहज पार पडते. साध्या यंत्रात मात्र हा साज मुख्य स्मृतीतलाच वाटा उचलतो. घरच्या शिध्यातूनच पाहुण्याची पंगत उठावी, तसा हा प्रकार होतो.

2007 सालच्या जानेवारीत विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तेव्हा 'एअरो' नावाच्या तिच्या काचेरी रूपासाठी 1 गिगाबाइट मुख्य स्मृती आणि 128 मेगाबाइट चित्रस्मृती अपेक्षिली होती. त्या काळच्या अनेक यंत्रांना हे ओझे पेलवेना. 2012 साली विंडोज 8 मध्ये ही काच बाजूला ठेवण्यात आली.

साज उतरवण्याची सोय विंडोजमध्ये 2001 च्या एक्सपीपासून आहे. 'सिस्टिम प्रॉपर्टीज' या चौकटीतील 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर 'परफॉर्मन्स' या शीर्षकाखालचे 'सेटिंग्ज' बटण दाबले, की चार वाटा दिसतात: निर्णय यंत्रावर सोपवावा, रूपाला प्राधान्य द्यावे, गतीला प्राधान्य द्यावे, किंवा एकेक बाब स्वतः निवडावी. गतीचा पर्याय घेताच सर्व खुणा पुसल्या जातात. परंतु येथे थोडा विवेक हवा. अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी खूण पुन्हा लावावी. कारण ती नसता देवनागरीतील काने, मात्रा आणि जोडाक्षरे खडबडीत दिसतात आणि डोळ्यांना शीण होतो. छाया, पारदर्शकता आणि खिडक्यांची सरकती हालचाल ही मात्र निःशंकपणे काढावीत. त्या हालचालीला लागणारा वेळ हाच मुळी प्रतीक्षेचा एक भाग असतो.

मात्र या उपायाची मर्यादाही ओळखली पाहिजे. मुख्य स्मृती अपुरी पडली, की संगणक चकतीचा आधार घेतो. आणि मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या चकतीलाही एका फेऱ्यास आठ मिलिसेकंदांहून अधिक काळ लागतो. अशा वेळी साज उतरवून थोडाच आराम मिळतो. यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे अनावश्यक कार्यक्रम थांबवणे, स्मृती वाढवणे किंवा फिरत्या चकतीऐवजी घन-स्थिती साठवण बसवणे, हे त्यापुढचे उपाय होत. तसेच विंडोज 10 चे सर्वसाधारण साहाय्य 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. सुरक्षिततेचा तो प्रश्न साज उतरवून सुटत नाही, त्याचा विचार स्वतंत्रपणेच करावा लागतो.

तरीही पहिला उपाय बिनखर्चाचा आहे आणि पटला नाही तर क्षणात मागे घेता येतो. वाचनालयातील वाचक छाया पाहण्यास आलेला नसतो. त्याला पुस्तक हवे असते. ते चार क्षण आधी हाती पडले, तर उतरवलेल्या साजाची आठवण फारशी कोणाला होत नाही.