डोहाळे मातीचे

गरोदरपणात माती खावीशी वाटणं आपल्याकडे नवं नाही. भाजकी माती, पाटीवरची पेन्सिल, चुलीची भिंत. आजी हसून म्हणायची, डोहाळे आहेत! खरं तर बरेचदा ती अंगात लोह कमी असल्याची खूण असते.

आता ही माती पालघर जिल्ह्यातल्या बोईसर-तारापूर औद्योगिक पट्ट्यातली असेल तर? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018च्या औद्योगिक प्रदूषण निर्देशांकात तारापूर 93.69 गुणांसह देशात पहिलं आलं. असला पहिला नंबर कुणाला हवा! इथल्या मासेमार मांगेला समाजाच्या परिषदेने कारखान्यांच्या सांडपाण्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे दादही मागितली.

रसायनांचं सांडपाणी नाल्यात गेलं, की शिशासारखे जड धातू गाळात आणि मातीत साचतात. ते कुजत नाहीत, विरत नाहीत. शिसं आईच्या हाडांत वर्षानुवर्षं दडून बसतं. गरोदरपणात बाळासाठी हाडांतलं कॅल्शियम सुटतं, तेव्हा त्याच्यासोबत शिसंही रक्तात उतरतं आणि वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतं. बाळ वेळेआधी किंवा कमी वजनाचं जन्मू शकतं, मेंदूची वाढ मंदावू शकते. आणि गंमत पाहा, लोह-कॅल्शियम कमी असलेलं शरीर शिसं जास्तच शोषतं.

म्हणून दवाखान्यातल्या लोहाच्या गोळ्या उशाखाली ठेवू नका, घ्या. नाल्याकाठची पालेभाजी टाळा. कारखान्यातून आलेल्या माणसाने बूट बाहेर काढावेत, कपडे बदलावेत, मगच बाळाला उचलावं. कारण रांगतं मूल जमिनीवरचा हात थेट तोंडात घालतं. आणि माती खावीशी वाटली, तर लाजू नका, आशाताईंना सांगा.