रेकयाविकचा सहावा डाव



गाजलेला डाव पटावर मांडताना आपण घाई करतो. छापील चाली भराभर उतरवतो, मात झाली की सोंगट्या डब्यात. त्याऐवजी पुढची चाल कागदाखाली झाकावी, आपली चाल मनाशी ठरवावी आणि मगच कागद खाली सरकवावा.

अशा अभ्यासाला फिशर आणि स्पास्की यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीतला सहावा डाव घ्या. रेकयाविक, २३ जुलै १९७२. फिशर बहुतेक नेहमी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवून सुरुवात करायचा. त्या दिवशी त्यानं सी-४ खेळलं आणि डाव क्वीन्स गँबिटकडे वळला. स्पास्कीनं आपला भरवशाचा तार्ताकोवर बचाव निवडला.

पंधराव्या चालीनंतर काळ्याची सी-५ आणि डी-५ ही प्यादी शेजारी शेजारी उभी राहतात. त्यांना मागून प्याद्याचा आधार नाही. विसाव्या चालीला फिशर ई-४ खेळतो. काळं प्यादं डी-४ वर सरकतं आणि पांढऱ्या उंटाला सी-४ हे घर कायमचं मिळतं.

मला या डावात सर्वांत मोलाच्या वाटतात त्या ३३ ते ३५ या चाली. फिशर एक प्यादं पुढे करतो, मग एकच हत्ती दोनदा एकेक घर वर घेतो. काळा वजीर डी-८ आणि ई-८ यांच्यात येरझाऱ्या घालतो. दुसरं करण्यासारखं काही उरलेलंच नाही. घोड्यासाठी हत्ती देण्याचा तडाखा येतो तो अडतिसाव्या चालीला. एक्केचाळिसाव्या चालीनंतर स्पास्कीनं डाव सोडला आणि प्रेक्षकांबरोबर स्वतःही टाळ्या वाजवल्या. असा दिलदार प्रतिस्पर्धी विरळाच.

पण अभ्यास इथे संपवू नका. काळ्याच्या चौदाव्या चालीपाशी परत या. स्पास्कीनं ए-६ खेळलं होतं. तिथे वजीर बी-७ वर नेऊन पाहा. पांढऱ्यानं सी-५ चं प्यादं खाल्लं, तर हत्तींच्या अदलाबदलीनंतर काळा घोडा ए-६ वर येतो. पांढऱ्या उंटानं तो मारला की काळा वजीर तिथे येऊन एफ-१ या घरावर नजर ठेवतो आणि पांढऱ्याला किल्लेकोट करता येत नाही. स्पास्कीचे सहाय्यक गेलर यांनी १९७३ मध्ये टिमनविरुद्ध याच मार्गानं डाव जिंकला.