आयुष्याची दोरी कशानं बळकट होते?



बक्षिसं वाटून झाली आहेत आणि नाटकातली मंडळी रंगून विंगेत उभी आहेत, म्हणून थेट विषयाला हात घालतो. मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रातला डॉक्टर. माणसं किती वर्षं जगतात आणि कशामुळे, हा माझ्या अभ्यासाचा विषय. तो समजून घ्यायचा तर दिल्लीसारखं दुसरं ठिकाण नाही, म्हणून आज तुमच्याशी त्याबद्दलच बोलणार आहे.

देश स्वतंत्र झाला तेव्हा भारतात जन्मलेल्या बाळाचं अपेक्षित आयुर्मान 32 वर्षांच्या आसपास होतं. 2016 ते 2020 या काळातल्या सरकारी नमुना नोंदणीत ते 70 वर पोचलेलं दिसतं. त्या नोंदणीत दिल्लीचा आकडा 75.8, देशात सगळ्यांत वरचा. शेजारच्या उत्तर प्रदेशाचा 66 च्या घरातला. म्हणजे यमुना ओलांडून नोएडाला गेलं की कागदावर जवळपास 10 वर्षं गळून पडतात! अर्थात नोएडातल्या उंच सोसायटीतलं मूल आणि उत्तर प्रदेशातल्याच श्रावस्तीच्या खेड्यातलं मूल एकसारखं जगत नाही. सरासरीत सगळे एकत्र मोजले जातात, एवढंच. दिल्लीच्या 75.8 मध्येही श्रीमंत वसंत विहार आहे आणि भलस्वाही आहे. भलस्वाला 1994 पासून शहराचा कचरा पडतो आहे. त्या कचऱ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी झोपडपट्ट्यांतून हलवलेल्या माणसांची वस्ती आहे. त्यांतली अनेक कुटुंबं तोच कचरा वेचून जगतात.

तुम्ही म्हणाल, हवा तर सगळ्यांना एकच आहे. शिकागो विद्यापीठाच्या 2023 च्या अहवालानं हिशेब मांडला होता की हवेतले सूक्ष्म कण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेत आले, तर दिल्लीकराचं आयुष्य सरासरी 11.9 वर्षांनी वाढेल. पण डिसेंबरच्या रात्री खिडक्या लावून, एअर प्युरिफायर सुरू करून झोपणारा माणूस आणि उड्डाणपुलाखाली शेकोटी पेटवून झोपणारा माणूस यांच्या छातीत सारखाच धूर जात नाही. प्रदूषण फार वाढलं की तुम्हा विद्यार्थ्यांना सुट्टी मिळते, वर्ग ऑनलाइन होतात. सोसायटीच्या गेटवरचा गार्ड मात्र 12 तास तिथंच बसलेला असतो.

कामाचंही तसंच. मेहरौली-बदरपूर रस्त्यावर लाल कुआँ नावाची वस्ती आहे. तिथं दगडाच्या खाणी आणि खडी फोडणारी यंत्रं होती. सर्वोच्च न्यायालयानं 1992 मध्ये ती यंत्रं दिल्लीबाहेर काढली. पण दगडाची धूळ मजुरांच्या फुप्फुसांत जाऊन बसली होती. त्या आजाराला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा होत नाही, आणि क्षयासारखाच दिसत असल्यामुळे अनेकांना वर्षानुवर्षं क्षयाचीच औषधं मिळत राहतात. या शहरातली घरं आणि रस्ते ज्या खडीवर उभे राहिले, ती फोडणाऱ्यांनी आपल्या आयुष्यातली वर्षं त्यात घातली.

आपल्या मराठी माणसांचंही सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी भागातून उठून गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याचा, धंदा करणारे आपले बांधव देशभर पसरले. चांदणी चौकात, करोल बागेत त्यांच्या भट्ट्या आहेत. तुमच्यापैकी काहींचे वडील, काका, मामा त्याच धंद्यात असतील. कोंदट खोलीत सोनं-चांदी गाळताना तेजाबाचा जो वाफारा उठतो, तो फुप्फुसांना जाळतो. दुष्काळानं गाव सोडायला लावलं आणि पोटासाठी पत्करलेलं काम शरीर झिजवतं. अशा माणसाला पुढे दमा जडला, तर त्याला नुसतं नशीब म्हणणं मला पटत नाही.

आता जरा कठीण गोष्ट. संगीता व्यास, पायल हाथी आणि आशिष गुप्ता या संशोधकांनी 2022 मध्ये नऊ राज्यांतल्या लाखो कुटुंबांच्या नोंदी तपासून दाखवलं की, उच्चजातीय हिंदूंच्या तुलनेत दलितांचं आयुर्मान 3 वर्षांहून अधिक कमी आहे आणि आदिवासींचं 4 वर्षांहून अधिक. नुसत्या गरिबीनं हा फरक निम्मासुद्धा उलगडत नाही. पैसा बाजूला ठेवला तरी जात माणसाच्या आयुष्यातून वर्षं काढून घेते.

याची आठवण करून देणारी एक जागा दिल्लीतच आहे: 26, अलीपूर रोडवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं स्मारक आहे. तिथंच 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. तेव्हा ते 65 वर्षांचे होते. त्यांच्या आणि पत्नी रमाबाईंच्या पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. त्यांतला राजरत्न 1926 मध्ये गेला, तेव्हा त्याचे वडील कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेले बॅरिस्टर होते. रमाबाई 1935 मध्ये गेल्या, वय अवघं 37. एवढी विद्वत्ता घरात असूनही वर्षानुवर्षांच्या ओढगस्तीनं त्या घराकडून काय वसूल केलं ते पाहा. शाळेनं सहल काढून मुलांना त्या स्मारकाला न्यावं, अशी माझी विनंती आहे.

हे सगळं बदलता येतं का? येतं, आणि ते मराठी मुलखात सिद्ध झालेलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचं काम सुरू केलं. 1988 मध्ये त्यांच्या कामाच्या गावांत दर हजार जन्मांमागे 121 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. बंग दांपत्यानं गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायकांना नवजात बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला, त्याला ऊब द्यायला, न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. 2003 पर्यंत तो आकडा 30 वर आला. मोठं रुग्णालय त्यासाठी लागलं नाही. 2011 पासून हीच पद्धत देशभर आशाताईंच्या हाती आली. आज दिल्लीच्या एखाद्या वस्तीत आशाताई ओल्या बाळंतिणीच्या दाराशी येते, तेव्हा तिच्या पाठीशी गडचिरोलीतल्या त्या बायकांचं काम असतं.

केरळचं दरडोई उत्पन्न दिल्लीपेक्षा बरंच कमी, तरी तिथलं आयुर्मान 75. कारणं अनेक आहेत, पण मुलींचं शिक्षण त्यात फार वर आहे. शिकलेल्या आईचं मूल जगण्याची शक्यता अधिक, हे जगभर पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पाचवा वाढदिवस साजरा करणारी मुलं वाढली की सगळ्या समाजाचं आयुर्मान वर जातं.

म्हणून विद्यार्थ्यांनो, जीवशास्त्राच्या पुस्तकात हृदय आणि फुप्फुसं शिकाल, तेव्हा ती फुप्फुसं कुठं काम करतात, कुठं झोपतात, हेही विचारा. तुमच्यापैकी जे डॉक्टर होतील, त्यांनी रुग्णाला नाव आणि वय विचारल्यावर तिसरा प्रश्न त्याच्या कामाचा विचारावा.

आणि पालकहो, तुमच्याकडे मागणं थोडं आहे, पण मनापासून आहे. घरी कामाला येणाऱ्या बाईला आजारपणाची पगारी सुट्टी द्या. भट्टी असेल तर धूर बाहेर ओढणारा पंखा या महिन्यातच बसवा, आणि कारागिराची छाती वर्षातून एकदा तपासून घ्या. आणि मुलगी बारावी झाली म्हणून तिचं शिक्षण थांबवू नका.