घरचा स्ट्रॉबेरी सॉस



डिसेंबर उजाडला की पुण्या-मुंबईच्या हातगाड्यांवर महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी दिसू लागते. डबा हौसेनं घरी येतो, पण दोन-चार फळं खाल्ल्यावर कुणीतरी म्हणतं, ‘आंबट आहे गं!’ आणि उरलेली फळं फ्रिजमध्ये तशीच पडून राहतात. चिकू किंवा आंबा घरी ठेवला की पिकतो, गोड होतो. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. झाडावरून तोडल्यावर तिचा रंग थोडा गडद होतो, गोडी मात्र वाढत नाही. लांबच्या बाजारासाठी फळ जरा आधीच तोडावं लागतं, म्हणून शहरात ते आंबटसर लागतं. या फळाचा सॉस फार सुंदर होतो, कारण सॉसला तो आंबटपणा हवाच असतो.

मोठी, देखणी फळं खायला ठेवा. सॉसला लहान, वेडीवाकडी, थोडी मऊ पडलेली फळंही चालतात. मार्चमध्ये भाव उतरले की अशी फळं भरपूर मिळतात. फक्त बुरशी आलेलं फळ सरळ टाकून द्या. तेवढाच भाग कापून बाकीचं वापरू नका.

फळं हिरव्या देठासकट धुवायची आणि देठ नंतर काढायचे. आधी काढले तर फळ पाणी पितं आणि चव पातळ होते. पाव किलो स्ट्रॉबेरीचे तुकडे करा, त्यावर चार टेबलचमचे साखर भुरभुरा आणि अर्धा तास झाकून ठेवा. झाकण काढाल तेव्हा कोरड्या साखरेचा मागमूस नसेल. तुकडे आक्रसलेले असतील आणि तळाशी लालचुटूक, पारदर्शक रस साठलेला असेल. साखरेनं फळातलं पाणी बाहेर ओढून घेतलेलं असतं. शिजवायला एवढा रस पुरतो, म्हणून वरून पाण्याचा एक थेंबही घालू नका. सॉस बेचव होतो तो बहुतेक वेळा या वरच्या पाण्यानंच.

पातेलं स्टीलचं, जाड बुडाचं घ्या. ॲल्युमिनियम किंवा लोखंड नको. आंबट रस त्या धातूंना लागला की रंग काळपटतो आणि चवही बिघडते. मध्यम आचेवर सात-आठ मिनिटं पुरतात. वर गुलाबी फेस येईल, तो काढून टाका. निम्मे तुकडे चमच्यानं चेपा, निम्मे तसेच राहू द्या. दाताखाली फळ आलं पाहिजे. गॅस बंद केल्यावर अर्ध्या लिंबाचा रस पिळा. लिंबानं रंग उजळतो आणि गोडीला धार येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गरम असताना सॉस पातळच दिसतो, आणि घाबरून आपण तो आटवत बसतो. तसं करू नका. गार झाल्यावर तो आपोआप दाटतो. खात्री हवी असेल तर फ्रिजमधल्या गार बशीत थेंबभर टाका आणि मधून बोट फिरवा. बोटाची रेघ लगेच मिटली नाही, की झालं. त्यापुढे शिजवलात तर ताज्या फळाचा वास उडून जातो आणि हाती जॅम येतो. कॉर्नफ्लोअर घालून दाट करण्याची रीत मला मुळीच पटत नाही. त्यानं रंग दुधाळ होतो आणि जिभेवर पिठूळपणा राहतो.

हा सॉस व्हॅनिला आइस्क्रीमवर घाला, कस्टर्डवर घाला. माझी खरी शिफारस आहे चक्क्याची. घरी टांगलेला चक्का साखर न घालता नुसता फेटा आणि वाढताना वर दोन चमचे सॉस सोडा. मुलं वाटी चाटूनपुसून खातात. गरम दुधात किंवा खिरीत मात्र तो ढवळू नका, आंबटपणानं दूध फाटेल.

तुतीचाही सॉस असाच करायचा. तिचे बारीक हिरवे देठ चिकाटीनं कात्रीनं कापावे लागतात, आणि ती मुळात गोड असल्यानं साखर कमी व लिंबू थोडं जास्त लागतं. रासबेरी मिळाली तर शिजल्यावर गाळणीतून घासून घ्या, तिच्या बिया दातात अडकतात.

कोरड्या काचेच्या बाटलीत, फ्रिजमध्ये, हा सॉस आठवडाभर छान राहतो. दर वेळी कोरडाच चमचा घाला. जास्त केला असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि लागतील तेवढे खडे आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवा. एप्रिल-मेच्या सुट्टीत पाहुणे आले की ते हाताशी असतील.