काळे कपडे, दशावतार आणि माळ्यावरचा कीबोर्ड



संयोजकांनी आधीच बजावलंय की नोकरीबद्दल बोलायचं नाही. त्यामुळे आमच्या सॉफ्टवेअरवाल्या अर्ध्या वर्गाची पंचाईत झाली आहे. मी एका बँडबद्दल बोलणार आहे. गाणी भुताखेतांची, कपडे काळे, आणि गायक गातो की गुरगुरतो हे पहिल्यांदा ऐकताना कळत नाही. बाई, तुम्ही घाबरू नका, मी गाऊन दाखवणार नाही.

निमित्त घरचंच आहे. मुलगा बारावीला आहे, गिटार वाजवतो. जेवताना त्यानं विचारलं, "आई, असले बँडवाले जगतात कशावर?" त्याचा बाबा म्हणाला, "आईबापाच्या जिवावर." सगळे हसले, मीही हसले. पण रात्री झोप लागेना, कारण अगदी हेच वाक्य मी २००० साली आमच्या घरात ऐकलं होतं. तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवत होते. पुढच्या वर्षी कॅम्पस इंटरव्ह्यू झाले, आम्ही पाचही जण नोकरीला लागलो आणि कीबोर्ड माळ्यावर गेला. कोणी जबरदस्ती केली नव्हती. पगार चांगला होता, एवढंच.

त्याच २००० साली मुंबईत साहिल मखीजा नावाच्या मुलानं 'डीमॉनिक रिझरेक्शन' हा बँड काढला. रंगमंचावर तो स्वतःला 'डीमनस्टीलर' म्हणवतो, म्हणजे राक्षसचोर. हा शुद्ध गॉथिक रॉक नव्हे, हे जाणकारांनी सांगायच्या आत मीच सांगते. गॉथिक रॉक इंग्लंडचा, १९७९-८० च्या सुमाराचा. लीड्सच्या 'सिस्टर्स ऑफ मर्सी'नं तर स्वतःचीच रेकॉर्ड कंपनी काढली आणि ड्रमर म्हणून चक्क एक यंत्र ठेवलं. त्या यंत्राला नावही होतं, 'डॉक्टर अ‍ॅव्हलान्च'. माणसं बँड सोडून गेली, यंत्र टिकलं. (माझ्या व्यवसायातल्या माणसांना ही गोष्ट फार आवडते.) मुंबईकरांचं संगीत त्याहून कितीतरी जड, डेथ आणि ब्लॅक मेटलच्या घराण्यातलं. पण गिटारींच्या मागे पसरलेला कीबोर्ड ऐकला की पडक्या वाड्यात कोणीतरी ऑर्गन वाजवतंय असं वाटतं. पांघरुणात टॉर्च लावून नारायण धारप वाचलेल्यांना हे वातावरण परकं वाटणार नाही.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येते. अशा संगीताला आपल्याकडे ना सिनेमा, ना लग्नाची वरात, ना गणपतीचा मांडव. धोबी तलावचं रंगभवन हे रॉकवाल्यांचं हक्काचं ठिकाण, तेही शांतता क्षेत्राच्या नियमांत बंद पडलं. मग या माणसानं जे जे नव्हतं ते ते स्वतः उभं केलं. रेकॉर्डिंग शिकला आणि स्टुडिओ थाटून दुसऱ्या बँडची गाणीही ध्वनिमुद्रित करू लागला. अल्बम कोण काढणार? स्वतःची 'डीमनस्टीलर रेकॉर्ड्स'. कार्यक्रम कोण ठेवणार? तेही यानंच ठेवले, त्यात बाकीच्या बँडनाही बोलावलं. 'अ डार्कनेस डिसेंड्स' २००५ मध्ये आला. २०१० मध्ये 'द रिटर्न टू डार्कनेस' आला आणि 'कँडललाइट' या ब्रिटिश कंपनीनं तो परदेशात काढला. त्याच वर्षी ते नॉर्वेत ऑस्लोच्या इन्फर्नो महोत्सवात वाजवून आले, आणि लंडनच्या 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कारही मिळाला.

इथे हिंदी सिनेमा संपला असता. प्रत्यक्षात वादक बदलत राहिले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत असलेला माणूस एकच, मखीजा. बाकीचे का गेले ते मला ठाऊक नाही, पण मी का गेले ते ठाऊक आहे, त्यामुळे त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही.

आणि घरात चूल कशावर पेटते? ऐका. त्यानं 'हेडबँगर्स किचन' नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम यूट्यूबवर सुरू केला. आधी मेटलवाल्यांच्या गप्पा आणि भरपूर मांस असा मामला होता, पुढे तो कीटो आहाराच्या पाककृतींकडे वळला. आज त्याच्या बँडपेक्षा कितीतरी जास्त लोक त्याला आचारी म्हणून ओळखतात. आमच्या ऑफिसमधली एकजण त्याच्या कृतीनं फ्लॉवरचा भात करते. हा माणूस गातो, हे तिला मी सांगितलं. एक गाणं लावून दाखवलं, तर डबा तसाच ठेवून ती उठून गेली.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो त्यांचा २०१७ चा 'दशावतार'. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. शब्द इंग्रजी, पण विषय आपल्या आजीच्या तोंडचा. कोकणात देवळासमोर रात्रभर दशावतारी नाटक पाहिलेले इथे बरेच आहेत. राक्षस आला की लहान पोरं कशी आईच्या पदरात घुसायची, आठवतं ना? आणि खांब फोडून बाहेर आलेल्या नरसिंहाचा आवाज भावगीतासारखा असेल, असं तुमच्यापैकी कोणाला खरंच वाटतं? हिंजवडीच्या वाहतुकीत अडकल्यावर मी ते गाणं लावते.

मुलाला मी हे सगळं सांगितलं. स्टुडिओ, कंपनी, फ्लॉवरचा भात, सगळं. तो म्हणाला, "म्हणजे नुसतं वाजवून भागत नाही." मी म्हटलं, "नाही भागत." त्यावर तो काही बोलला नाही, मीही आणखी काही बोलले नाही. बारावीचा फॉर्म त्यानं भरलाय, आणि शनिवारची प्रॅक्टिसही चालू आहे.

परवा मी माळ्यावरून कीबोर्ड खाली काढला. उंदरांनी अडॅप्टरची वायर खाल्ली होती. बुधवारात तपकीर गल्लीत जाऊन नवा आणला. दोन पट्ट्या मुक्या झाल्यात, बाकी वाजतो. पुढच्या महिन्यात मुलाच्या बँडचा सोसायटीत कार्यक्रम आहे, त्यात एका गाण्याला मला घेतलंय. अट एकच घातली आहे. काळे कपडे घालायचे नाहीत. "आई, तू संक्रांतीला आल्यासारखी दिसशील."