गोठलेल्या नदीवर पाऊल ठेवण्यापूर्वी



यंत्रमागांच्या या भिवंडीत ‘चादर’ म्हटले की सुताचे कापड डोळ्यांपुढे येते. लडाखमधील झांस्करच्या खोऱ्यात मात्र हे नाव बर्फाला आहे. जानेवारी-फेब्रुवारीत झांस्कर नदीचा पृष्ठभाग गोठतो आणि खोल घळीतून चालण्याजोगी वाट तयार होते. हिमवर्षावाने खिंडी बंद झाल्या की तेथील लोक याच वाटेने लोणी घेऊन लेहच्या बाजारास जात. मुले शाळेसाठी जात. २०२४ साली निम्मू-पदुम-दारचा हा रस्ता जोडला गेला आणि ही गरज ओसरू लागली. साहसाची ओढ मात्र कायम आहे. आपल्या भागातील तरुणांचा एखादा गट तिकडे निघू पाहतो, तेव्हा गटप्रमुख, शिक्षक व पालक यांनी उत्साहाच्या आधी तयारीचा विचार केला पाहिजे.

पहिला प्रश्न थंडीचा नसून उंचीचा आहे. भिवंडी जवळजवळ समुद्रसपाटीवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, तर लेह शहरच सुमारे ३,५०० मीटरवर वसलेले आहे. तेथे प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या तुलनेने सुमारे दोनतृतीयांशच प्राणवायू मिळतो. मुंबईहून विमानाने काही तासांत तेथे उतरणाऱ्याच्या शरीरास या बदलाशी जुळवून घेण्यास अवधी लागतो. म्हणून लेहमध्ये किमान तीन दिवस मुक्काम, पहिले दोन दिवस विश्रांती, भरपूर पाणी आणि वैद्यकीय तपासणी या गोष्टी टाळता येण्याजोग्या नाहीत. मद्य व झोपेच्या गोळ्या पूर्णपणे वर्ज्य होत. डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश ही पहिली लक्षणे होत. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, चालताना तोल जाणे किंवा बोलण्यात असंबद्धता येणे हे धोक्याचे इशारे असून अशा रुग्णास त्वरित कमी उंचीवर व वैद्यकीय उपचाराखाली नेणे आवश्यक असते. घळीतून ते सहज शक्य होत नाही. म्हणून लक्षण लपविणारा सहकारी साऱ्या गटास संकटात टाकतो.

शरीराची तयारी येथेच, तीन महिने आधी सुरू करावी. रोजचे चालणे, जिन्यांची चढउतार, पाठीवर वजन घेऊन दर आठवड्यास शहापूर तालुक्यातील माहुली किल्ल्याची चढाई एवढे पुरेसे आहे. यामुळे पाय व दम तयार होतात. उंचीची सवय मात्र होत नाही, हे विसरू नये. कापसाच्या तंतूंच्या धुळीत काम केलेल्यांनी फुप्फुसांची तपासणी प्रथम करून घ्यावी. हृदयविकार, दमा, रक्तदाब असणाऱ्यांनी डॉक्टरांचा सल्ला अंतिम मानावा.

कपड्यांच्या बाबतीत भिवंडीकरांना एक सवय मोडावी लागेल. सुती कापड घाम धरून ठेवते आणि ओले कापड अंगातील ऊब हिरावून घेते. रात्रीचे तापमान शून्याखाली २० ते २५ अंशांपर्यंत उतरते. म्हणून आत घाम बाहेर टाकणारे, त्यावर लोकरीचे आणि सर्वांत वर वारा अडविणारे, असे थर असावेत. कोरड्या मोज्यांचे जादा जोड, गमबूट, हातमोजे, कानटोपी व काळा चष्मा अत्यावश्यक होत. हिमदंशाने बोटे बधिर व पांढरी पडल्यास ती चोळू नयेत, शेकोटीवरही धरू नयेत.

बर्फावर पाय उचलून टाकावयाचे नसतात, ते सरकवीत न्यावयाचे असतात. स्थानिक वाटाडे काठी आपटून, आवाज ऐकून बर्फाची जाडी ओळखतात. ताज्या हिमाखाली पातळ बर्फ लपलेला असतो. ऊन वाढले की कोठे चादर भंगते, कोठे तिच्यावरून पाणी वाहू लागते. तेव्हा कड्यावरून चढून जावे लागते किंवा तासन्‌तास थांबावे लागते. वाटाड्याने ‘थांबा’ म्हटले की चर्चा संपली पाहिजे.

तरुणांना परवानगी देताना शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात: वैद्यकीय तपासणी झाली काय, अनुभवी वाटाड्या आहे काय, आणि परत फिरण्यासाठी जादा दिवस व पैसे राखले आहेत काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर तो गट निघण्यास अद्याप तयार नाही. परत फिरण्याची तयारी ठेवणारा भ्याड नव्हे. पुढच्या वर्षीही नदी गोठेल, पण गेलेला मुलगा परत येणार नाही.