परतीची वाट



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचन पाळी सुटल्यावर वाचनालयात झाले. तेव्हा इतिहासाचा पंडित म्हणून नव्हे, तर तीस वर्षे कामगारांत वावरलेला माणूस म्हणून मी बोलणार आहे. विषय घरचाच आहे. आपल्या खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या पात्रापाशी उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत तिथे एक अख्खे सैन्य कोंडले गेले. त्या कोंडीतली आतली आणि बाहेरची माणसे कशी वागली, ते मला पाहायचे आहे.

सुरुवात आदल्या वर्षी चाकणला होते. शाइस्तेखानाने पुण्यात तळ दिला आणि १६६० च्या जूनमध्ये चाकणच्या भुईकोटाला वेढा घातला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा. खानाला वाटले, चार दिवसांचे काम. लागले जवळजवळ दोन महिने. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला, तरी खिंडाराशी आतली माणसे झुंजत राहिली. मोगलांचे २६८ लोक पडले, ६०० जखमी झाले. मग मोगलांकडच्या भाऊसिंग हाडा या राजपूत सरदाराच्या मध्यस्थीने फिरंगोजीने किल्ला दिला आणि उरलेली माणसे जिवंत बाहेर काढली. खानाने चाकरी देऊ केली, ती त्याने घेतली नाही. तो महाराजांकडे परत आला. किल्ला गमावून आलेल्या माणसाला महाराजांनी दूर लोटले नाही.

मग खानाची नजर कोकणाकडे वळली. त्याने कारतलबखान या उझबेक सरदाराला पाठवले. सोबत वऱ्हाडातल्या माहूरची रायबागीण होती. जाधव, कोकाटे अशी आपलीच आडनावेही त्या फौजेत होती. लोणावळ्याकडून, नागफणीच्या सुळक्याजवळून, कुरवंडे घाटाने फौज खाली उतरली. दोहों बाजूंना डोंगर आणि दाट रान, वाट एका वेळी एकाने चालण्याची. महाराजांनी पुढचे तोंड अडवले, मागचेही अडवले. वारा नाही, पाणी नाही. वरून दगड आणि बाण.

कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यात रायबागीण खानाला स्पष्ट सुनावते, की या रानात शिरलास तीच चूक झाली; आता शरण जा आणि सैन्य वाचव. खानाने ऐकले. त्याने वकील पाठवला. महाराजांनी खंडणी घेतली, सामानसुमान ठेवून घेतले आणि वाट मोकळी केली. एकेकाला टिपणे हातात होते. पण पुण्यात शाइस्तेखान बसलेला होता आणि महाराजांना पुढे कोकणात जायचे होते. जे हवे ते मिळाले, तिथे ते थांबले.

आता माझी गोष्ट. मी तिशीत असताना आपल्याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात संप झाला. पुढारी मी. दुसऱ्या महिन्यात मालकाचा निरोप आला: निम्मी पगारवाढ, आणि निलंबित केलेले सगळे कामावर परत. आमच्यात एक वयस्क फिटर होते. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “हे घे. पावसाळा तोंडावर आहे, घराघरांतले डबे रिकामे आहेत.” मी भर गेट मिटिंगमध्ये त्यांना मालकाचा माणूस म्हटले. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांवर आणखी काही आठवडे निघाले. मग कारखान्याला कुलूप लागले आणि यंत्रे ट्रकमधून निघून गेली.

फिटरकाकांनी पुढे कर्जत स्टेशनबाहेर वडापावची गाडी लावली. मी गेलो की पैसे घेत नसत. त्या मिटिंगचा एक शब्द त्यांनी कधी काढला नाही. त्यांनी शिवी दिली असती तर मी घरी जाऊन झोपलो असतो.

उंबरखिंडीची हकीकत मी त्यानंतर वाचली. शत्रू असूनही कारतलबखानाबद्दल मला आदर वाटला, कारण न आवडणारे बोलणे त्याने वेळेवर ऐकले. माझ्याकडेही रायबागीण होती. मी तिला फितूर ठरवले. फिरंगोजीला दोन महिने लढल्यावर माणसे मोजता आली. मी घोषणा मोजत बसलो. लढू नये असे मी म्हणत नाही. चाकण झुंजले नसते तर त्या माणसांना जिवंत जाऊ देण्याची गोष्ट कोणी काढली असती का? पण लढणाऱ्याने आपल्या माणसांची परतीची वाट रोज पाहून ठेवावी.

शेवटी चौकच्या नेताजी पालकरांचे नाव घेतो. ते १६६६ मध्ये महाराजांना सोडून गेले, पुढे मोगलांकडे धर्मांतर होऊन महंमद कुलीखान झाले, आणि १६७६ मध्ये परत आले. दहा वर्षे पलीकडे काढलेल्या माणसाला महाराजांनी पुन्हा आपल्यात घेतले.

मला मात्र फिटरकाकांची माफी मागायला सवड झाली नाही. ते गेले. म्हणून ती आज तुमच्यासमोर मागतो.